गाडी पुढे, कागद मागे

भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकला पुणे-सातारा महामार्गाच्या सेवारस्त्यावर तासभर उभे राहिले की अर्धा देश डोळ्यांसमोरून जातो. चाकणच्या कारखान्यांतून दक्षिणेला निघालेले मोटारी वाहणारे लांबलचक ट्रक, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांतला तात्पुरता क्रमांक लावलेल्या कोऱ्या गाड्या, बंगळूरकडचे कंटेनर, आणि गाळपाचा हंगाम असेल तर साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेले ट्रॅक्टर. दिसत नाही ती एकच गोष्ट: मोटारीच्या मागे हुकाला अडकवलेले, खिडक्या-पडदे असलेले छोटे पांढरे घर. युरोपात आणि अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत दर दहा मिनिटांनी दिसणारे हे चाकांवरचे घर आपल्या रस्त्यावर का नाही? कुणी परदेशात नवेकोरे विकत घेऊन इथवर आणायचे म्हटले, तर त्याला वाटेत किती सीमा लागतील?

‘किती’ हा शब्द मुद्दाम वापरला. बहुतेकांना एकच सीमा आठवते, देशाची. पण या प्रश्नाचे कागद चाळू लागल्यावर माझे मत असे झाले आहे की देशाची सीमा ही त्यातली सगळ्यात सरळ सीमा. खरी दमछाक त्यानंतरच्या लहान सीमांवर होते.

सुरुवात व्याख्येपासून करू, कारण गंमत तिथेच आहे. ओढायच्या घराला, म्हणजे कॅराव्हॅनला, इंजिन नसते. त्यामुळे जगातले बरेच कायदे त्याला मोटारीपेक्षा हलक्या हाताने वागवतात. अमेरिकेतून वापरलेली मोटार बाहेर न्यायची तर तिची कागदपत्रे सीमेवर ७२ तास आधी द्यावी लागतात, पण हा नियम स्वतःच्या बळावर चालणाऱ्या वाहनांचा आहे. मागे ओढायच्या ट्रेलरला तो लागत नाही. युरोपीय संघात नवी मोटार एका देशात घेऊन दुसऱ्या देशात नेली की मूल्यवर्धित कर घरच्या देशात भरावा लागतो, पण ‘नवे वाहन’ म्हणजे तिथे इंजिन असलेले वाहन. कॅराव्हॅन त्यात बसत नाही, म्हणून तिचा कर जिथे खरेदी झाली तिथेच मिटतो. आपला मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलरला ओढून घेतो. इंजिन नसलेली वस्तू आपल्याकडे कायद्याने मोटार वाहन आहे. तिला स्वतःची नोंदणी, स्वतःचा चासिस क्रमांक आणि स्वतःची पाटी लागते. ट्रॅक्टरवाल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असते: ट्रॅक्टरचे आरसी बुक वेगळे, ट्रॉलीचे वेगळे.

मग राहण्याच्या ट्रेलरला कायद्यात जागाच नाही का? आहे. केंद्राने ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहतुकीची आणि बिगर-वाहतुकीची वाहने अशी विभागणी केली, तेव्हा बिगर-वाहतूक यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर चक्क नाव घेऊन घातला. केंद्राच्या पर्यटन खात्याने आणि पुढे २०२१ साली महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यातही एका आसाचे, दोन आसांचे, घडीचे, तंबूचे असे ओढायचे प्रकार मोजलेले आहेत. प्रत्यक्षात रस्त्यावर उतरली ती मिनीबसच्या सांगाड्यावर पलंग आणि ओटा बसवून केलेली, स्वतःच्या इंजिनावर चालणारी वाहने. धोरणाने दोन्हींना दार उघडले, आत एकच आली. कारण धोरण पर्यटन खात्याचे आणि रस्ता परिवहन खात्याचा, हे एवढे सांगितले तरी पुरे.

आता देशाची सीमा. महाराष्ट्राला परक्या देशाशी जमिनीवरची हद्द नाही. पण मराठी मुलखात ती होती, आणि फार जुनी गोष्ट नाही. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत बांद्याच्या पुढे पत्रादेवीला पोर्तुगालचे राज्य सुरू होत असे. सावंतवाडीचा माणूस पेडण्याच्या पाहुण्याकडे जाई तो परदेशी. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने नाकेबंदी आवळली आणि रेल्वेही थांबली. गोव्याने समुद्राकडे तोंड फिरवले. खनिजाचा पैसा होता, मुरगाव बंदर होते, आयातीवर आपल्यासारखी बंधने नव्हती. त्यामुळे मुंबईकर एका देशी मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसला असताना पणजीत जर्मन मोटारी टॅक्सी म्हणून धावत होत्या. मुक्तीनंतर हद्द पुसली गेली आणि त्या गाड्या एका रात्रीत देशातल्या झाल्या. गाडी जागची हलली नाही, सीमाच तिच्यावरून सरकली. ओलांडण्याचा याहून सोपा प्रकार नाही!

खुद्द भोरकरांनाही सीमा नवी नाही. आजच्या तालुक्याच्या बऱ्याच भागावर ८ मार्च १९४८ पर्यंत पंतसचिवांचे भोर संस्थान होते. पुण्याहून साताऱ्याला जाणारा माणूस ब्रिटिश मुलूख सोडून संस्थानात शिरे आणि पुन्हा बाहेर पडे. त्या काळी अनेक संस्थाने मोटारींना स्वतःचे क्रमांक देत आणि मालावर स्वतःची जकात घेत. संस्थाने गेली, पण जकात नगरपालिकांच्या हाताने टिकली. पुणे महापालिकेची जकात २०१३ च्या एप्रिलमध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, बहुतेक व्यापाऱ्यांसाठी २०१५ मध्ये गेला, आणि मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली. म्हणजे रस्त्यावरचा आडवा बांबू जायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे लागली.

आज कुणाला परदेशात घेतलेला ट्रेलर आणायचा तर त्याचा बंदोबस्त न्हावा शेवा किंवा मुंबई बंदरातल्या कस्टम्समध्ये होतो. जगभरच्या मालसूचीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे: ८७१६.१०, राहण्यासाठी किंवा मुक्कामासाठीचे कॅराव्हॅन पद्धतीचे ट्रेलर. म्हणजे वस्तू काय आहे याबद्दल वाद नाही. वाद होतो तो ‘नवे’ या शब्दावर. आपल्या आयात धोरणात नवे वाहन कोणते? जे आयातीपूर्वी विकले, भाड्याने किंवा वापरायला दिले गेलेले नाही आणि ज्याची कुठल्याही देशात नोंदणी झालेली नाही ते. दुबईत किंवा मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने दुकानातून कोरे वाहन घेतले, तिथल्या कायद्याप्रमाणे पाटी लावली, एक शनिवार-रविवार फिरवले आणि मग जहाजावर चढवले, तर ते त्याच्या लेखी नवे आणि आपल्या कस्टम्सच्या लेखी जुने. जुन्या वाहनाचे नियम वेगळे. ते तीन वर्षांहून अधिक वयाचे नको, सुकाणू उजवीकडे हवे, आणि उतरवायचे तर मुंबई बंदरातच. ट्रेलरला सुकाणूच नसते हा भाग सोडा. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोटार होती हे उघड आहे. परत येणाऱ्या नातेवाइकांना माझे सांगणे एवढेच की नोंदणी करण्याआधी मुंबईतल्या कस्टम्स एजंटशी बोला. नंतर बोललात तर तो फक्त हळहळेल.

शुल्क भरून वस्तू बंदराबाहेर आली तरी काम अर्धेच झालेले असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला हवा. यातल्या दोन संस्था आपल्या अंगणातल्या आहेत: पुण्यात कोथरूडच्या बाजूला वेताळ टेकडीवर एआरएआय, आणि अहिल्यानगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई. कारखानदार एकदा नमुना तपासून घेतो आणि मग हजार वाहने विकतो, म्हणून त्याला खर्च परवडतो. एकच ट्रेलर आणणाऱ्याला तोच डोंगर एकट्याने चढायचा असतो. माझ्या मते ओढायची घरे इथे न दिसण्याचे मोठे कारण शुल्क नसून हे आहे.

ज्याला ट्रेलर कायमचा ठेवायचा नाही, नुसता फिरवायचा आहे, त्याला वेगळी वाट आहे. तिचे नाव कार्नेट. हे वाहनाचे पासपोर्ट-पुस्तक. प्रत्येक देशात शिरताना एक पान फाडले जाते, बाहेर पडताना दुसऱ्यावर शिक्का बसतो, आणि वाहन तिथेच विकून टाकले तर शुल्काची हमी संस्थेने घेतलेली असते. त्या बदल्यात संस्था मालकाकडून मोठी अनामत ठेवून घेते. १९१९ पासूनची मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन या कामासाठी प्रवाशांत जुनी ओळखीची. कार्नेटवर आलेले परदेशी पर्यटकाचे वाहन आपल्याकडे सहा महिने शुल्काविना राहू शकते. २०२४ साली लंडनहून निघून चीन आणि नेपाळमार्गे एका मराठी माणसाने स्वतःची मोटार ठाण्यापर्यंत चालवत आणली, त्याचे वृत्तपत्रांनी कौतुक केले ते योग्यच. पण अशा प्रवासात चालवणे हा सोपा भाग असतो, शिक्के जुळवणे हा कठीण.

पुण्या-साताऱ्याकडच्या कुटुंबांना परदेशाची सीमा चाकांवरून ओलांडण्याचा अनुभव मिळतो तो बहुधा नेपाळचा. सीमेवरच्या सोनौलीला भन्सार, म्हणजे नेपाळचे सीमाशुल्क, भरायचा, जितके दिवस तितके पैसे, हातात एक चिठ्ठी, आणि गाडी पुढे. तिथे भारतीय पाटी चालते, भारतीय परवाना चालतो. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी १५ जून २०१५ ला थिंफूत मोटार वाहनांच्या मुक्त ये-जा करण्याच्या करारावर सह्या केल्या. भूतानच्या संसदेने तो मान्य केला नाही आणि करार लंगडला. सोनौलीची भन्सारची खिडकी मात्र करार नसतानाही बरी चालली आहे.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी घरांत हा सारा प्रश्न ऐकून हसतील, कारण तिथे तो वार्षिक सुट्टीचा भाग आहे. इंडियाना राज्यातले एल्कहार्ट हे गाव ओढायच्या घरांची राजधानी. तिथल्या कारखान्यांचा माल सगळ्या खंडात जातो. टोरंटोकडच्या कुटुंबाने अमेरिकेत नवा ट्रेलर घेतला तर त्याच्या हातात कारखान्याचे उत्पत्ती प्रमाणपत्र आणि बिल असते. डेट्रॉइट-विंडसरच्या पुलावर किंवा सार्नियाला कॅनडाचा अधिकारी ट्रेलरवरची अनुपालनाची पट्टी आणि सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहतो, कर घेतो, वाहन आयातीचा ‘फॉर्म वन’ भरून देतो. मग आयात वाहनांच्या राष्ट्रीय नोंदणी कार्यालयाचे शुल्क, ४५ दिवसांच्या आत तपासणी, आणि शेवटी प्रांताची पाटी. नीट पाहिले तर टप्पे आपल्याइतकेच आहेत: बिल, शुल्क, मानक, तपासणी, पाटी. फरक असा की तिथे क्रम आधी छापलेला आहे आणि तो सीमेवरच्या माणसाला पाठ आहे. आपल्याकडे क्रम माहीत असलेला माणूस कार्यालयाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला असतो.

आता लहान सीमेकडे येतो, कारण वरवे बुद्रुकच्या माणसाच्या वाट्याला येण्याची शक्यता असलेली सीमा हीच. समजा इथल्या एखाद्याने कर्नाटकात नवा ट्रेलर घेतला. निपाणीहून निघाला, कोगनोळीचा नाका आणि कागल मागे टाकले, कऱ्हाड, सातारा, खंबाटकी करत सारोळ्याला नीरा ओलांडली आणि संध्याकाळच्या आत तो दारात उभा राहिला. कुणीही अडवले नाही. घटनेने देशभर व्यापार आणि ये-जा मोकळी ठेवली आहे. पण त्याच घटनेने वाहनांवरचा कर राज्यांच्या यादीत टाकला आहे, ५७ व्या नोंदीत. सगळी गुंतागुंत या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत राहते. रस्ता देशाचा, कर राज्याचा.

कोरे वाहन असेल तर विक्रेता तात्पुरती नोंदणी करून देतो आणि कायमची आपल्या जिल्ह्यात होते. नमुना क्रमांक २० चा अर्ज, २१ चे विक्री प्रमाणपत्र, २२ चे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र, विमा, बिल, आणि महाराष्ट्राचा कर. हे तुलनेने बरे. चुकतो तो माणूस, जो तिथल्याच नातेवाइकाच्या पत्त्यावर कायमची नोंदणी करून कर वाचवल्याच्या आनंदात परत येतो. कायद्याचे कलम ४६ त्याला सांगते की एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. पुढचेच कलम ४७ सांगते की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे तर नवा क्रमांक घ्या. त्यासाठी जुन्या राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८. कर्ज असेल तर बँकेची संमती. मग इथला कर. आणि तिथल्या उरलेल्या वर्षांच्या कराच्या परताव्यासाठी पुन्हा तिकडे हेलपाटा. वाचवलेला कर प्रवासखर्चात जातो, हे मी अनेकांकडून ऐकले आहे. ऐकवणारा दरवेळी हसतो, पण उशिरा.

बारा महिन्यांचा हा आकडाही राज्यांना जाचतो. कर्नाटकाने २०१४ मध्ये बाहेरच्या पाटीच्या गाडीने तीस दिवस ओलांडले की आजीवन कर भरावा अशी दुरुस्ती केली. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती रद्द ठरवली. मूळ वाद त्याहून जुना. अजमेर आणि राजस्थान वेगळे असताना त्या रस्त्यावरच्या बसमालकांनी राजस्थानच्या कराला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ते राखण्याच्या मोबदल्यात घेतलेला कर चालेल असे म्हटले. ते सूत्र नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१६ मध्ये बाजूला ठेवले. निकाल बदलले, गाडीवाल्याची रांग तीच राहिली.

त्यातल्या त्यात शहाणपणाचा बदल म्हणजे बीएच मालिका. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या या पाटीला राज्य बदलले तरी नवा क्रमांक लागत नाही, आणि कर पंधरा वर्षांचा एकदम न घेता दोन-दोन वर्षांचा घेतला जातो. पण ती सैन्यदल, सरकारी नोकर, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांतले नोकर यांच्यापुरती. म्हणजे ज्याची बदली होते त्याच्यासाठी आहे, ज्याचे पोट फिरते त्याच्यासाठी नाही.

आणि पोटासाठी फिरणारे घर आपल्याकडे आहे, फक्त त्याला कुणी कॅराव्हॅन म्हणत नाही. बीडकडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या सुमाराला निघते तेव्हा ट्रॉलीत कोपीच्या काठ्या, पाचटावर घालायचे ताडपत्रीचे तुकडे, पिठाचे डबे, शेळी, कोंबड्या आणि वर पोरेबाळे असतात. सहा महिन्यांचे घर चाकांवर चढलेले असते. काही टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात उतरतात, काही हद्द ओलांडून कर्नाटकातल्या कारखान्यांना जातात. मालाच्या ट्रॉलीत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही, अपघात झाला तर विमा कंपनी सहसा हात वर करते, आणि गावच्या फॅब्रिकेटरने मंजूर नमुन्याशिवाय जोडलेल्या ट्रॉलीला तर नोंदणीच नसते. पर्यटन धोरणाने हौशी घराला वीज-पाण्याची जोडणी आणि मुक्कामाचा तळ देऊ केला. कामकरी घराला अजून मागचा लाल परावर्तक मिळवून देण्यासाठी दर हंगामात पोलिसांना मोहीम काढावी लागते. कुठले फिरते घर आधी सुधारावे, असे विचाराल तर माझे उत्तर ठरलेले आहे.

हौशी घराबद्दल शेवटच्या काही व्यवहारी गोष्टी, कारण कागद जमले तरी लोखंड जमेलच असे नाही. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या कॅराव्हॅनचे दार उजव्या अंगाला असते. आपण डावीकडून चालणारे, म्हणजे दार उघडले की पाऊल थेट वाहतुकीत. त्यामुळे ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाचा ट्रेलर बरा. अमेरिकन ट्रेलरची आतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. त्याचे ब्रेक विजेवर चालतात आणि त्यासाठी पुढच्या मोटारीत नियंत्रक बसवावा लागतो. रुंदी आपल्या नियमात २.६ मीटरपर्यंत चालते. साडेआठ फुटी अमेरिकन ट्रेलर त्यात जेमतेम, बोटभर अंतर ठेवून बसतो. महामार्गावर तो चालेल. पण भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंध घाटात समोरून एसटी आल्यावर तो मागे कसा घ्यायचा, हे मला कुणी अजून समजावून दिलेले नाही. आणि पावसाळ्यात तो घाट जड वाहनांना वारंवार बंद असतो.

म्हणून इतके पाहिल्यावर माझा कौल असा: परदेशातून ट्रेलर आणण्याच्या फंदात पडू नका. तिकडे फिरायचे तर तिथेच भाड्याने घ्या, इथे हवाच असेल तर इथल्या मंजूर नमुन्याचा बनवून घ्या, आणि सरकारला सांगायचे झाले तर दोन-दोन वर्षांच्या कराची सोय सगळ्यांना मागा. आणि नवा ट्रेलर, मग तो राहण्याचा असो की उसाचा, कुठूनही घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी करा. नमुना मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत हातात घ्या, आणि खाली वाकून चासिसवर ठोकलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी बिलाशी ताडून पाहा.